धामणीच्या पेटीतली कुपी

सेलूच्या एका सरकारी कचेरीतले हेडक्लार्क कृष्णकांत आष्टीकर यांना सापाची भीती वाटत नसे. म्हणजे असं ते म्हणत, आणि साप दिसला नाही तोपर्यंत ते खरंही होतं. एक्याऐंशी सालच्या डिसेंबरात त्यांच्या पुढच्या खोलीत, जिथे सोफा ठेवायचं ठरलं होतं त्या जागी, साडेपाच फुटांची धामण राहायला आली. तेव्हा त्यांनी इतकंच केलं, की आपली वर्तमानपत्र वाचायची खुर्ची उचलून मागच्या खोलीत नेली. "उजेड इकडे बरा आहे," असं कारण दिलं. मागच्या खोलीला खिडकी नव्हती.

धामण आली ती त्यांच्या पत्नीमुळे. सरोजिनीबाई मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. रूपराव नावाचे एक शेतकरी पोतं घेऊन थेट वर्गाच्या दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, ही माह्या वावरातली जुनी मानूस हाय. वखराची लोखंडी पास लागली हिच्या पाठीले. उंदरं ही खाते म्हनून माह्या घरात गहू येते. एवढी वाचवा, बरी झाली का मले वापस द्या." सरोजिनीबाईंनी जखम धुतली, गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला हाताशी धरून चार टाके घातले आणि नागपूरच्या एका प्राध्यापकांना पत्र टाकलं. उत्तर आलं : थंडीत साप खात नाही आणि जखमही भरत नाही. वरून ऊब द्या. पेटीच्या एका टोकाला तीस अंश ठेवा, दुसरं टोक गार राहू द्या. तिला जिकडे बरं वाटेल तिकडे ती जाईल.

मग शाळेनं मोडीत काढलेलं काचेच्या दारांचं कपाट आडवं झालं. एका टोकाला छतातून शंभरचा बल्ब लोंबला, त्यावर जाळीची टोपी चढली. खाली वाळलेलं गवत, दुसऱ्या टोकाला पाण्याचं घमेलं. सरोजिनीबाई तापमापकाचा पारा बघत आणि बटण दाबत. पारा चढला की बंद, उतरला की चालू. धामण सुखात होती. कृष्णकांतही मागच्या खोलीत, अंधारात, अग्रलेख वाचत सुखात होते.

आणि सरोजिनीबाईंना दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला नागपूरला जाण्याचा हुकूम आला.

"हे बघा," निघताना त्या म्हणाल्या, "दर दोन तासांनी पारा बघायचा. तीसच्या वर गेला की बटण बंद. पंचविसाच्या खाली आला की चालू. रात्री निजताना पेटीवर रग टाकायचा. बास. दुसरं काही करायचं नाही."

"दुसरं म्हणजे?"

"म्हणजे सुधारणा."

या शब्दाचा कृष्णकांतांना राग आला. पण तो यायला वेळ लागला, तोवर बस सुटली होती.

पहिले दोन दिवस ते दर दोन तासांनी कचेरीतून उठून घरी जात. कचेरीत माणूस दिवसभर जागेवर नसला तरी कुणी विचारत नाही, पण ठरलेल्या वेळी उठू लागला की सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. साहेबांनी बोलावून विचारलं, "आष्टीकर, घरी कोणी आजारी आहे का?"

साप म्हणावं तर हसं होईल. खोटं बोलावं तर स्वभावात नाही. कृष्णकांत म्हणाले, "एक पाहुणी आहे. तिच्या पाठीला लागलंय. तिला ऊब द्यावी लागते."

यातला शब्द न् शब्द खरा होता. पण बायको नागपूरला, घरी पाहुणी, आणि हेडक्लार्क दर दोन तासांनी तिला ऊब द्यायला जातात, ही बातमी दुपारच्या चहापर्यंत टपालाच्या टेबलापासून कोठीच्या खोलीपर्यंत पोचली. संध्याकाळी शिपायानं त्यांना सायकल काढून देताना जो नमस्कार केला, तसा त्यानं आजवर कलेक्टरलाही केला नव्हता.

तेव्हाच कृष्णकांतांनी ठरवलं, की बल्ब आपोआप चालू-बंद झाला पाहिजे. ही सुधारणा नव्हे. ही अब्रूची गरज होती.

बसस्टँडजवळ माणिकचं दुकान होतं. मोटारी, रेडिओ, इस्त्र्या, जे जळेल ते तो दुरुस्त करी. कोंबडीची अंडी उबवायच्या एका बंद पडलेल्या यंत्रातून त्यानं एक डबी काढून दिली. डबीवर आकड्यांची चकती, आणि डबीतून निघालेली तांब्याची हातभर लांब नळी, दोऱ्याइतकी बारीक. नळीच्या टोकाला करंगळीएवढी तांब्याची कुपी.

"याले थर्मोस्टॅट म्हनतात बाबूजी," माणिक म्हणाला. "डबी बाहेर राहू द्या, कुपी आत सोडा. कुपी जिथं हाय तिथं तीस झाले का बल्ब बंद. थंडी झाली का चालू. पन एक लक्षात ठेवा, याले फक्त कुपीजवळचं समजते. बाकी दुनियेत काय चालू हाय, त्याले काई घेनंदेनं नाई."

"कुपी पेटीत नेमकी कुठे ठेवायची?"

"थे तुमचं तुमी पाहा. मले अंड्यायचं माहीत हाय. अंडे जागचे हालत नाई."

डबी पेटीबाहेर आणि कुपी आत, म्हणून नळीसाठी मागच्या फळीला भोक पाडणं आलं. कृष्णकांतांनी सुतारकामाच्या किकऱ्यानं ते पाडलं. नळीसाठी पेन्सिलीएवढं पुरलं असतं, पण हात चालतच राहिला आणि भोक मुठीएवढं झालं. त्यात त्यांनी जुन्या बनियनचा बोळा कोंबला.

पहिल्यांदा कुपी त्यांनी भोकातून वर वळवून बल्बच्या जाळीलाच अडकवली. ऊब जिथून येते तिथंच तिला पकडायचं, हा विचार वाईट नव्हता. पण कचेरीत चहा आला की पहिला कप साहेबांना जातो, आणि साहेबांनी घोट घेतला की सगळ्यांचा चहा झाला असं धरून चालतात, तसं झालं. बल्बजवळ क्षणात तीस अंश होत आणि बल्ब विझे. क्षणात ती जागा गार होई आणि बल्ब पेटे. खाली गवतात अठरा अंशांवर धामण आपल्याच अंगाचं वेटोळं करून बसली होती.

खिडकीतून ही लुकलुक गल्लीत दिसायला लागली तशी शेजारचे नत्थूजी आले. जुळ्या घरांची ओसरी एकच, त्यामुळे नत्थूजींना यायला घरातून निघावं लागत नसे. रेल्वेत तीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये काढून ते निवृत्त झाले होते आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना रुळांवरून जाताना दिसे.

"काऊन हो बाबूजी, हे काय लावलं? लाल नाई, हिरवा नाई, नुसतं लुकलुक करून राह्यलं. गाडीनं समजावं काय?"

कृष्णकांतांनी थर्मोस्टॅट समजावून सांगितला. नत्थूजींच्या पत्नी आनंदाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "थर्मास तं आमच्याइथं हाय, चहाचा. मागितला असता तं देला असता."

नत्थूजींनी बायकोकडे दुर्लक्ष केलं आणि पेटीची पाहणी केली. "तुमचं चुकलं कुठं माहीत हाय? तुमी सिग्नल टेसनात लावला. गाडी टेसनात आल्यावर सिग्नल देऊन काय फायदा? दूर लावा. आउटरले. तिकडच्या टोकाले ऊब पोचली का समजा सारी लाइन क्लिअर."

कृष्णकांत पदवीधर होते, नत्थूजी चौथी पास. पण तीस वर्षांत एकही टक्कर होऊ न देणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार? दुसऱ्या दिवशी सकाळी कुपी घमेल्याच्या बाजूला, गार टोकाला गेली. कृष्णकांत निश्चिंतपणे कचेरीत जाऊन बसले.

गार टोक हे गार राहण्यासाठीच केलेलं होतं. तिथे तीस अंश कधी होणार नव्हते, म्हणून बल्ब विझणार नव्हता. साडेबाराला कचेरीच्या हॉलमध्ये, चाळीस माणसांच्या देखत, नत्थूजी धापा टाकत आले आणि दारातूनच ओरडले, "बाबूजी, घरी चला लवकर! बाई लय तापली!"

हॉलमध्ये टंकलेखनाची यंत्रं थांबली.

"अंगातनी आग झाली तिच्या! पान्यात जाऊन बसली!"

कृष्णकांत उठले. टेबलांमधून दारापर्यंतचं तेवढं अंतर त्यांना आयुष्यात कधी इतकं लांब वाटलं नव्हतं. मागून कुणीतरी अगदी मनापासून म्हणालं, "साहेब, डॉक्टरांना पाठवू का?"

घरी पेटीच्या ऊबदार टोकाला पारा शेहेचाळीसवर होता. कपाटाच्या पॉलिशला फोड आले होते. धामण घमेल्यात होती, नाक तेवढं पाण्याबाहेर. तिनं कृष्णकांतांकडे पाहिलं. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे तो सगळ्यांकडे सारखाच पाहतो, हे त्यांना सरोजिनीबाईंनी सांगितलेलं होतं. तरीही ही नजर आपल्यासाठीच आहे असं त्यांना वाटलं, आणि ते मनापासून शरमले. रूपराव दर बाजाराच्या दिवशी येऊन "आमची बाई कशी हाय?" विचारत. पुढचा बाजार परवा होता.

"मी सांगू काय बाबूजी?" आनंदाबाई म्हणाल्या. "तुमी मानसं सारं दुरून पाहता. कोंबडी खुडूक बसली तं आपन ऊब कुठं पाहतो? अंड्यायजवळ हात घालून पाहतो. कोंबडीच्या डोक्यावर हात ठेवत नाई, अन् दारात उभं राहूनही पाहत नाई. जो निजते, त्याच्या जवळ पाहा."

हे ऐकताच ते बरोबर आहे हे कृष्णकांतांना कळलं. कुपी पाहिजे बल्बखाली, धामण जिथे ऊब घेत पडते तिथे, तिच्या पाठीच्या उंचीवर. प्रश्न एवढाच होता की तिथे ती बांधायची कशी? बांधायची तर हात आत घालावा लागणार. आणि हात आत, तर धामणही आतच.

धामण विषारी नसते. हे वाक्य त्यांनी तीनदा मनाशी म्हटलं. मग जळमटं काढायचा बांबू आणला आणि त्याच्या टोकानं कुपी ढकलत ढकलत बल्बखाली गवतावर नेऊन ठेवली. बांधली नाही. नुसती ठेवली.

आणि जमलं! बल्ब पेटला, वीस मिनिटांनी विझला, पुन्हा पेटला. पारा तिसाला टेकून राहिला. धामण घमेल्यातून निघून ऊबेत येऊन पसरली. रूपराव येऊन बघून गेले आणि म्हणाले, "बाबूजी, तुमाले तं साऱ्यातलं समजते." कृष्णकांतांनी सरोजिनीबाईंना आंतर्देशीय पत्र लिहिलं : 'येथे सर्व क्षेम. एक छोटीशी सुधारणा केली आहे.' ते फाडलं. दुसरं लिहिलं : 'येथे सर्व क्षेम.'

त्याच दिवशीच्या टपालानं त्यांना एक पत्र आलं. धामण ठेवायला परवानगी असावी म्हणून सरोजिनीबाईंनी वनखात्याकडे अर्ज केला होता. त्या अर्जावरून वनपाल उद्या चार वाजता 'सदर सर्पाची व त्यास पुरविलेल्या उष्णतेची' पाहणी करायला येणार होते.

दुसऱ्या दिवशी कृष्णकांत इस्त्रीचा सदरा घालून साडेतीनलाच घरी आले. बल्ब जळत होता. पारा एक्केचाळीसवर होता. पेटीत गवत होतं, घमेलं होतं, आणि धामण नव्हती.

बनियनचा बोळा जमिनीवर पडला होता. काय झालं असेल ते हेडक्लार्कला कळायला वेळ लागला नाही. धामण वळली, तिच्या अंगानं सुटी कुपी सरकत भोकापाशी गेली आणि बोळ्यासकट बाहेर पडली. बाहेर डिसेंबर. कुपीला वाटलं सगळीकडे थंडी आहे. तिनं बल्ब चालू केला तो केलाच. आत भट्टी झाली, आणि जिथून कुपी गेली तिथूनच धामणही गेली. नळी भोकातून लोंबत होती. कृष्णकांतांनी कुपी मुठीत धरली आणि तशीच धरून ते जागेवरूनच खोलीभर वाकून वाकून बघत असताना ओसरीतून हाक आली.

"आष्टीकर इथेच राहतात ना?"

वनपाल गुलाबराव सागवानाच्या डेपोत वाढलेले गृहस्थ. अंगानं भरदार, आवाज खर्जातला. पण ते ओसरीतच थांबले. "मी आत येत नाही. मी लाकडाचा माणूस आहे. तुम्ही दारातून सांगा, मी लिहितो."

कृष्णकांतांना देव भेटल्यासारखं झालं. ते नळीच्या लांबीइतके दाराकडे सरकले.

"सदर सर्प आहे?"

"आहे." कुठेतरी असणारच होता.

"उष्णता कुठून?"

"वरून."

"नियंत्रण?"

"आपोआप. तांब्याच्या कुपीनं."

"ती कुपी म्हणता ती कुठे बसवली?"

कृष्णकांतांनी मूठ उघडून पाहिली. बावीस वर्षांची नोकरी मदतीला आली. "सध्या तपासणीसाठी बाहेर काढण्यात आलेली आहे."

"ठीक," म्हणून गुलाबरावांनी ते लिहिलं, आणि उरलेलं लिहायला ओसरीच्या पलीकडच्या टोकाला, नत्थूजींच्या बाकावर जाऊन बसले. बाकावर पिठाचा मोठा डबा होता. आनंदाबाईंनी नुकतंच चक्कीवरून दळण आणलं होतं, आणि गरम पिठाला घाम सुटू नये म्हणून डबा उघडा ठेवला होता. गुलाबरावांनी कोपर टेकायला जागा हवी म्हणून डबा थोडा सरकवला. डबा सरकला. डब्याला पाठीमागून वेढा घालून पडलेली धामणही सरकली.

यानंतर पुष्कळ गोष्टी एकदम झाल्या. गुलाबराव त्या वजनासकट बाकावर उभे राहिले, आणि तिथून त्यांनी छपराचा वासा धरला. आनंदाबाईंनी किंकाळी फोडली. नत्थूजी आतून काठी घेऊन आले, आणि तीस वर्षं लाल झेंडी दाखवणाऱ्या त्या हातानं काठी वर उचलली.

"थांबा!" कृष्णकांत ओरडले. "नत्थूजी, मारू नका! रूपरावांची आहे ती!"

"तं पकडा मंग! मी उभा हाय तवर पकडा!"

कृष्णकांतांच्या पायांना मागे जायचं होतं. ते पुढे गेले, हे त्यांना स्वतःलाच नंतर खरं वाटलं नाही. सरोजिनीबाई कशा उचलत ते त्यांनी मागच्या खोलीतून, वर्तमानपत्राच्या कडेवरून, पुष्कळदा पाहिलं होतं. दाबायचं नाही. मधोमध खालून हात द्यायचा आणि तिला वाटू द्यायचं, की तीच येते आहे. त्यांनी हात दिला. ओलं, बुळबुळीत काहीतरी लागेल म्हणून डोळे मिटले होते. लागलं ते कोरडं होतं, पिठानं ऊबदार झालेलं, आणि हातात सावकाश हलणारं. तिच्या पाठीवरचे टाके त्यांच्या मनगटाला लागले. "चल," ते म्हणाले. धामणीशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द.

पेटीत सोडताना ती त्यांच्या अंगठ्याला चावली. रास्तच होतं. त्यांनी अंगठा काढला नाही. तिनं सोडल्यावर त्यांनी तोच हात आत ठेवून, रक्त पुसायलाही न थांबता, कुपी ऊबदार टोकाच्या फळीला, गवतापासून तीन बोटं वर, सुतळीनं घट्ट बांधली. तिला कुणी दाबू नये म्हणून वर चहाची जुनी गाळणी खिळ्यांनी ठोकली. भोक लाकडाच्या खुंटीनं बंद केलं. तोवर धामण दोनदा त्यांच्या कोपरावरून गेली. गुलाबराव अजून बाकावरच उभे होते. तिथूनच त्यांनी लिहिलं : 'अर्जदाराचे पती सदर सर्प हाताळण्यास सरावलेले आहेत.'

तिसऱ्या दिवशी सरोजिनीबाई परतल्या. बसस्टँडपासून घरापर्यंत यायला त्यांना वीस मिनिटं लागली. त्यातली पंधरा मिनिटं ओसरीत आनंदाबाईंपाशी गेली, त्यामुळे घरात शिरताना त्यांना विचारायला काही उरलं नव्हतं. त्यांनी पेटीचं दार उघडलं, धामणीच्या पाठीशेजारी हाताची मागची बाजू धरली, पारा पाहिला, नवऱ्याच्या अंगठ्यावरची पट्टी पाहिली.

"टिटॅनसचं घेतलं?"

"घेतलं."

त्यांनी गाळणी काढली, सुतळी सोडली, कुपी एक बोट खाली आणली आणि पुन्हा बांधली. "आता बरोबर आहे."

आधीही बरोबरच होतं, असं कृष्णकांतांचं मत आजही आहे. त्या संध्याकाळी मात्र ते खुर्ची उचलून पुढच्या खोलीत घेऊन आले.

धामणीनं जानेवारीत कात टाकली आणि दोन उंदीर खाल्ले. फेब्रुवारीच्या शेवटी, थंडी गेल्यावर, कृष्णकांतांनी स्वतः पोतं रूपरावांच्या वावरात नेलं. गहू पिवळा पडायला आला होता. पोत्याचं तोंड मोकळं करताच ती निघाली आणि वावराच्या कडेच्या धुऱ्यावरच्या गवतात शिरली. "पाहा, घर वळखलं तिनं," रूपराव म्हणाले. कृष्णकांत गवत हलायचं थांबेपर्यंत उभे राहिले. परतताना रूपरावांनी ओल्या हरभऱ्याचं गाठोडं दिलं, ते त्यांनी सायकलला बांधलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात वनखात्याचं पत्र आलं. परवानगी मंजूर झाली होती. अट एकच : पेटीतील तापमान कोणत्याही परिस्थितीत पंचवीस अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, आणि तसा अहवाल पंधरा दिवसांत पाठवावा. सेलूत त्या दिवशी चव्वेचाळीस अंश होते. कृष्णकांत डोक्यावर ओला पंचा टाकून टेबलाशी बसले आणि त्यांनी वळणदार अक्षरात उत्तर लिहिलं : 'आदेशाचे तंतोतंत पालन होत असून, पेटीतील तापमान दिवसा वा रात्री एकदाही पंचवीस अंशांखाली गेलेले नाही. आगामी महिन्यात ते अधिक समाधानकारक राहील अशी खात्री आहे.'

सरोजिनीबाईंनी खांद्यावरून वाकून वाचलं. "अहो, धामण सोडून दिली हे कुठे लिहिलंय?"

"ते त्यांनी विचारलेलं नाही," कृष्णकांत म्हणाले, आणि त्यांनी पाकिटाला डिंक लावला.